बगळा कोणत्या अंगानं उभा हाय?

मानोऱ्याहून तांड्याकडे येणारा रस्ता जिथे डांबर सोडून देतो, तिथे उजव्या हाताला फुलसिंग आडेचं घर. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा मांडव, मांडवात सुंभाची बाज आणि बाजेवर फुलसिंग. गेली दोन वर्षं हा देखावा बदललेला नाही. त्याआधी मात्र हा माणूस आठवड्यातले चार दिवस घरी सापडत नसे, कारण तो बैलांचा दलाल. आज या बाजारात, उद्या त्या. कोणाला जोडी घ्यायची असली की तो आधी फुलसिंगला घ्यायला यायचा आणि मग बाजाराची वाट धरायचा. घरात ही माणसं गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली बोलतात, बाजारात वऱ्हाडी. आपण त्यांना सगळीकडे वऱ्हाडीतच बोलू देऊ, म्हणजे कोणाची अडचण व्हायची नाही.

बैलाच्या सौद्यात एक रीत आहे. घेतलेल्या जनावरात आठ दिवसांच्या आत खोड निघाली, म्हणजे ते मारकं निघालं, जुवाखाली बसकण मारणारं निघालं, तर ते परत करता येतं. परत गेलेल्या बैलाबरोबर दलालाचं नाकही जातं. फुलसिंगने चाळीस वर्षांत शेकडो बैल पसंत केले आणि त्यातला एकही परत गेला नाही. ही गोष्ट तो स्वतः कधी सांगत नसे, तांडाच सांगायचा. पुढे पुढे लोक त्याला जुनी मोटारसायकल घ्यायलाही नेऊ लागले आणि नवरामुलगा पाहायलाही. एका मुलाला त्याने अंगणात दोन चकरा मारायला लावल्या आणि "खांद्यात दम हाय, पर बसका निंगन," असं सांगून स्थळ मोडलं. तो मुलगा नंतर ग्रामपंचायतीत निवडून आला आणि खरोखरच पाच वर्षं बसून राहिला.

मग घरोघरी ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरचे दात पाहता येत नाहीत. त्यामुळे फुलसिंग बाजेवर बसला, असं तांडा समजत होता.

खरं कारण वेगळं होतं आणि ते एकट्या फुलसिंगला ठाऊक होतं. त्याला दिसत नव्हतं. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून पार पांढरा झाला होता आणि उजव्यात उजेड-अंधार एवढाच फरक उरला होता. जत्रेतून आणलेला काळा चष्मा तो दिवसभर लावून बसे. डोळ्यात धूळ जाते म्हणे. "म्हातारपणी हिरोपणा सुचला," असं त्याची बायको रुपाबाई म्हणायची, आणि तो हसून घ्यायचा. माणूस तो पावलांवरून ओळखत असे, गाडी आवाजावरून, आणि दोन वर्षांत जे तीन-चार बैल त्याने पसंत केले ते हाताने चाचपून. मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकटात होतं, तासाभराचं काम आहे, हे त्याला माहीत होतं. पण ऑपरेशन केलं की डोळे गेले होते हे कळणार. मग कोणीतरी विचारणार, कधीपासून? हाताने पाहिलेलं जनावर डोळ्याने पाहिलं म्हणून सांगणं ही खोड लपवणंच झालं, आणि खोड लपवणाऱ्याला फुलसिंग जन्मभर चोर म्हणत आला होता. त्याला लाज वाटत होती, साधी, उघडी लाज. म्हणून तो आंधळा राहायला तयार होता, पण आंधळा म्हणवून घ्यायला नाही.

दिवाळीनंतर त्याचा मुलगा करण आणि सून निता ऊसतोडीला गेले आणि त्यांची मुलगी रेणू आजा-आजीजवळ राहिली. ती मानोऱ्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या मोबाइलमध्ये एक खेळ होता. त्यात मारामारी नाही, गाड्या पळवणं नाही. एक बेट, बेटावर आपलं घर, थोडी शेती आणि एक संग्रहालय. संग्रहालयाच्या भिंती मोकळ्या असतात, त्या आपण चित्रांनी भरायच्या. चित्रं मात्र खरोखरची, जगातल्या नावाजलेल्या चित्रकारांनी काढलेली, परदेशात ज्यांच्यासमोर लोक रांगा लावून उभे राहतात ती. दर रविवारी होडीतून एक बगळा येतो. अंगात जाकीट, गळ्यात रुमाल. तो चार चित्रं मांडतो. त्यातली काही अस्सल, काही नकली. नकलीत कुठेतरी बारीकसा फरक केलेला असतो. आपण एकच घ्यायचं आणि संग्रहालय सांभाळणाऱ्या कासवाकडे न्यायचं. चित्र नकली असलं तर कासव काही बोलत नाही, नुसती मान आत ओढून घेतं.

तांड्यातली आणि कॉलेजातली निम्मी पोरं हा खेळ खेळत होती आणि सगळीच्या सगळी बगळ्याकडून नागवली जात होती. रेणूचं कासव लागोपाठ सहा रविवार मान आत ओढून बसलं. सहाव्या रविवारी तिने मोबाइल बाजेवर आपटला.

"काय झालं वं?" फुलसिंगने विचारलं.

"फसवलं, दादा." आज्याला ती दादा म्हणायची.

"कोणं?"

"बगळ्यानं."

दुसरा कोणी आजा असता तर त्याने मोबाइलवर एक व्याख्यान दिलं असतं. फुलसिंग उठून बसला.

"काय इकते तो?"

"चित्रं."

"मालाले हात लावू देते?"

"नाही. नुसतं पाहाचं."

"मंग तो चोरच हाय," फुलसिंग म्हणाला. "पुढच्या बाजाराले मले बलावजो."

पुढच्या रविवारी तो पटका नीट बांधून बसला. रेणूने मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला. फुलसिंगने तोंड लिंबाच्या झाडाकडे फिरवलं. त्याने तोड आधीच शोधून ठेवली होती.

"मी पाहून देलं त तू शिकशीन कवा? तू पाह्य अन् मले सांग. जनावर कसं हाय?"

"जनावर नाही, दादा, बाई हाय. मोनालिसा. दुनियेतलं सगळ्यात फेमस चित्र हाय हे."

"फेमस हाय तं जास्त पाहा लागते. तोंड?"

"हासून राह्यली. म्हंजे हासून बी राह्यली अन् नाही बी."

"दात?"

"दिसत नाही."

"मंग वय समजत नाही. पुढचे पाय?"

"हात हायेत, दादा. एकावर एक ठेवले."

"शांत हाय. लाथ मारनार नाही. कपाळावर भोवरा?"

"भोवरा कायचा, तिले भुवया बी नाही."

फुलसिंग विचारात पडला. भुवया नसलेली बाई त्याच्या पाहण्यात नव्हती, पण शिंगं नसलेला बैल होता, आणि तो चांगला चालला होता. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "बगळा कोणत्या अंगानं उभा हाय?"

"म्हंजे?"

"इकणारा खोडीच्या अंगानं उभा राह्यते. बैलाचा डावा खूर फुटका असन तं इकणारा हेडा डाव्या खुराजोळ उभा राहून तमाखू मयते. त्याले वाटते आपन झाकून राह्यलो. तो दाखवून राह्यला असते."

रेणूने पाहिलं. बगळा मोनालिसाच्या उजवीकडे उभा होता आणि त्याच्या पंखाचं टोक बरोबर तिच्या हातांवर आलं होतं. पुढच्या चित्रात डोक्याला निळं फडकं बांधलेली, कानात मोत्याचा डूल घातलेली पोरगी मागे वळून पाहत होती. तिथे बगळा चार हात लांब, आभाळाकडे बघत उभा. रेणूने मोत्याची पोरगी घेतली. कासवाने मान बाहेर काढली, चित्राभोवती एक फेरी मारली आणि ते भिंतीवर टांगलं. रेणू किंचाळली नाही, पण तिने आज्याचा गुडघा इतका जोरात दाबला की तोच कण्हला.

पुढचे चार रविवार चार अस्सल चित्रं मिळाली. खेळ तयार करणाऱ्यांनी ती खूण मुद्दाम ठेवली होती की पंख असाच आला होता, कोण जाणे. पण गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. पाचव्या रविवारी मांडवाबाहेर चपलांचे सतरा जोड होते. मानोऱ्याची पोरं, कारंज्याहून मोटारसायकलवर आलेले दोघे, आणि एक शिक्षक, जो पुतण्यासाठी विचारायला आलो असं सांगत होता. सगळे एकेक करून बाजेजवळ येत, चित्राचं वर्णन करत, आणि फुलसिंग लिंबाकडे तोंड करून शेवटी तोच प्रश्न विचारत असे. उत्तर ऐकून म्हणत असे, "घे," किंवा, "सोड." मोबाइल त्याने एकदाही हातात घेतला नाही.

"बुढा पाहत बी नाही," पोरं बाहेर जाऊन एकमेकांना सांगत. "न पाह्यता सांगते."

फुलसिंगला हे ऐकू येत असे. दोन वर्षांनी त्याच्या मांडवात माणसं जमत होती आणि त्याच्या 'घे' नि 'सोड'ची वाट पाहत होती. त्याला फार बरं वाटत होतं, आणि रात्री बाजेवर पडल्यावर त्याच गोष्टीची भीतीही वाटत होती.

त्याचा शब्द दोनदाच अडखळला. एकदा बगळा चित्राच्या मधोमध उभा राहिला. कापून नेलेल्या शेतात तीन बाया खाली पडलेली कणसं वेचतायत, असं ते चित्र होतं. फुलसिंगला उजवं-डावं काही ठरवता येईना. तेवढ्यात रुपाबाई चहा घेऊन आली आणि वाकून मोबाइलमध्ये पाहू लागली.

"ह्या सरवा येचून राह्यल्या," ती म्हणाली. "ह्या दोघी खऱ्या हायेत, कंबर बरोबर वाकली. मांगं घोड्यावर मालक हाय, तो बी खराच. मालक राह्यतेच. पर ही तिसरी खोटी हाय. डोक्शावर भारा घेऊन कोणी सरवा येचते का? मान मोडन ना तिची."

कोणी विश्वास ठेवला नाही. एकाने ते चित्र घेतलं आणि त्याच्या कासवाने मान आत ओढली. तेव्हापासून रुपाबाई दर रविवारी चहा जरा सावकाश वाटू लागली.

दुसऱ्यांदा गोष्ट चिघळली ती आभाळावरून. रात्रीचं गाव, वर निळं आभाळ आणि त्यात फिरणारे तारे. बगळा कुठच्या कुठे लांब उभा. चित्र अस्सल आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"आभाळ कसं हाय?" फुलसिंगने विचारलं.

"फिरून राह्यलं, दादा. भोवरे हायेत."

"भोवरे? किती?"

"मोठे दोन. अन् एकेका ताऱ्याभोवती एकेक, असे धा-अकरा."

फुलसिंगने दोन्ही कानांना हात लावले. बैलाच्या अंगावर नको त्या जागी केसांचा एक भोवरा असला तर तो बैल मालकाला खातो, अशी बाजारातली समजूत. इथे तेरा भोवरे होते.

"दारात बी आनू नका," तो म्हणाला.

"पर खरं हाय ते!"

"खरं हाय म्हणूनच आनू नका. खोट्या भोवऱ्यानं काय होते?"

त्या रविवारी जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या आभाळाला मानोरा तालुक्यात गिऱ्हाईक मिळालं नाही. शिक्षकाने तेवढं गुपचूप घेतलं, आणि मंगळवारी त्याची मोटारसायकल नाल्यात गेली. मग तर कोणाला काही सांगायची गरजच उरली नाही.

एका संध्याकाळी सगळे गेल्यावर रेणू म्हणाली, "दादा, आज सौदा तू कर. बटन तू दाब."

फुलसिंगला मोह आवरला नाही. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून सौदा ठरवतात. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला, मोबाइल होता असं वाटलं तिथे पसरला, खाली हात घातला आणि अनुभवी बोटाने तीनदा दाबलं.

"झालं?" त्याने विचारलं.

रेणूने दुपट्टा उचलला. फुलसिंगचं बोट बाजेच्या सुंभावर होतं आणि मोबाइल वीतभर अलीकडे. तिने आज्याच्या तोंडासमोर हात हलवला. मग हलकेच त्याचा चष्मा काढला.

"कवापासून?"

फुलसिंगने सुंभावरचं बोट मागे घेतलं. मग म्हणाला, "आजीले सांगजो नको."

"ऑपरेशन करू."

"केलं तं समद्याईले समजन."

"समजू दे ना. काय होते?"

"मी बैल पाह्यले दोन वर्सं. लोकाईनं माह्या डोयावर घेतले ते बैल."

रेणूला रडू आलं आणि रागही आला. तिने चष्मा त्याच्या हातात दिला. "तू बी खोडीच्याच अंगानं उभा हायस, दादा," ती म्हणाली आणि आत निघून गेली. तिने कोणाला सांगितलं मात्र नाही.

याच सुमाराला गुलाबसिंग आला. तांड्यातलाच, तिशीतला शेतकरी. त्याचं वावर नाल्याच्या काठाला, अरुंद, तिथे ट्रॅक्टर वळत नाही. एक बैल त्याच्याकडे होता, जोडीला दुसरा हवा होता. चित्रांची कीर्ती त्याच्याही कानावर गेली होती.

"काका, पोट्टे म्हणतात तुमी न पाह्यता बगळ्याचा माल वळखता. मले एक बैल पाहून द्या."

रेणूने आज्याला बाजूला घेतलं. "मी येतो संगं. हेडा कुठी उभा हाय एवढंच सांगीन. कोणाले समजनार नाही."

"बैलबाजारात पोरीच्या बोटाले धरून जाऊ मी?" फुलसिंग म्हणाला. तो रेणूला न घेता गुलाबसिंगबरोबर गेला. माणसाला चूक करायची असली की त्याला कोणी अडवू शकत नाही, फुलसिंगला तर नाहीच.

बाजारात त्याने एका पांढऱ्या गोऱ्ह्यावर हात ठेवला आणि त्याचं मन भरून आलं. दात चार, खूर दगडासारखे, खांदा भरलेला, वशिंड ताठ, शेपटीचा गोंडा लांब, अंगावर एकही वाईट भोवरा नाही. त्याने त्याला कपाळापासून शेपटीपर्यंत दोनदा हाताने वाचलं. विकणारा एक शब्द बोलत नव्हता. तो कुठे उभा होता? हे विचारायला फुलसिंगची जीभ दोनदा उचलली आणि दोनदा मागे गेली. ज्याला दिसतं तो असलं विचारत नाही. त्याने दुपट्टा मागितला, हात आत घातले, बोटं दाबली, आणि सौदा झाला. घरी येताना तो टेम्पोत गाणं म्हणत होता.

पाचवा दिवस रविवार होता. मांडव भरलेला. गुलाबसिंग बैल घेऊनच आला आणि लिंबाला बांधून आत येऊन बसला. तांड्याचा नाईक लखीराम त्याच्यासोबत होता. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख, भांडण असो की सोयरीक, शेवटचा शब्द त्याचा.

"काका," गुलाबसिंग अदबीने म्हणाला, "तक्रार नाही माही. फकत इचाराले आलो. ह्या बैलाले डाव्या डोयानं दिसत नाही. परवा पाण्याच्या टाकीले धडकला, काल माह्या सासऱ्याले. तुमी घेतला म्हंजे त्याच्यात काईतरी गुण असन. तो गुण कोणता, ते सांगा."

हाताला डोळा लागत नाही. डोळ्याचा आकार लागतो, पापणी लागते, नजर लागत नाही.

"तुले कवा दिसलं?" फुलसिंगने कसंबसं विचारलं.

"मले बाजारातच दिसलं. डोया पांढरा फटक हाय. हेडा त्याच्यापुढेच उभा होता. पर मी म्हटलं, मले दिसलं ते काकाले दिसलं नसन का?"

"असा बैल एका अंगाले बुजत नाही," लखीराम नाईक मान डोलवत म्हणाला. "रस्त्यानं ट्रक गेला तरी सिधा चालते. मी आताच समजलो. वा, फुलसिंग."

"अन् डाव्या अंगाचं पीक खात नाही," एक पोरगा म्हणाला.

"बगळ्यावानी एकाच अंगानं पाह्यते," दुसरा म्हणाला.

मांडवात एकदम उत्साह पसरला. कारणामागून कारणं निघू लागली. फुलसिंगला काहीच करायचं नव्हतं. नुसती मान हलवायची, की चाळीस वर्षांचं नाव शाबूत. त्याने मान हलवलीच होती, तेवढ्यात लखीराम म्हणाला, "मी बी यंदा असाच घेतो. एका डोयाचा. बुधवारी जातो बाजारात. फुलसिंग, तूच चाल पाहाले."

"मले बी पाह्यजे," मागून कोणीतरी म्हणालं.

बाजारात उद्यापासून माणसं आंधळे बैल शोधत फिरणार होती. फुलसिंगला ते सहन झालं नाही. नाव जाईल याची भीती होतीच, पण बैलाची ही थट्टा त्याच्याने ऐकवेना.

"त्याच्यात काई गुण नाही," तो म्हणाला. "मले दिसलं नाही. मले दिसतच नाही. मी आंधळा झालो."

सगळे हसले. अगदी मोकळेपणाने, प्रेमाने हसले.

"बुढा मजाक करून राह्यला."

"आंधळ्याले मोनालिसा समजते का?"

"ते तं रेणू सांगे मले," फुलसिंग ओरडला. "तुमीच सांगत होते. मी नुसता बगळा इचारत होतो."

"बरं," लखीराम म्हणाला. त्याला न्यायनिवाड्याची सवय होती. त्याने एका पोराचा मोबाइल घेतला. "हे चित्र सांग. खरं का खोटं? मी काईच सांगत नाही, बगळा बी सांगत नाही."

फुलसिंगला आयुष्यात पहिल्यांदा चुकायचं होतं. घे म्हणावं की सोड? चित्र खरं असेल असं त्याला वाटलं, म्हणून तो म्हणाला, "खोटं हाय."

पोराने ते घेऊन कासवाकडे नेलं. कासवाने मान आत ओढली.

मांडव दणाणला. आज तर त्याने बगळासुद्धा विचारला नव्हता. कारंज्याहून आलेल्या एकाने फुलसिंगच्या पाया पडण्यासाठी हात पुढे केला. "अन् ह्या डोयाचं ऑपरेशन म्हंते रेणू?" लखीराम कडक आवाजात म्हणाला. रेणूने त्याच सकाळी नाईकाच्या घरी जाऊन, आज्याला दिसत नाही हे न सांगता, ऑपरेशनला न्यायला गाडी मागितली होती. "असल्या नजरेले चाकू लावू देनार नाही आमी. तांड्याची इज्जत हाय ते."

फुलसिंग बाजेवरून उठला. गर्दीतून वाट चाचपत तो मांडवाबाहेर उन्हात गेला, जिथे बैल बांधला होता, आणि बैलाच्या बाजूला उभा राहिला. त्याने चष्मा काढून खाली टाकला. मग बाजारात बैलाचा जबडा जसा उघडून दाखवतात तशी त्याने अंगठ्याने आणि बोटाने आपल्या डाव्या डोळ्याची पापणी उघडून धरली.

"गुलाबसिंग, इकडे ये," तो म्हणाला. "मालाले हात लाव. मी खोड सांगून राह्यलो."

गुलाबसिंग आला. त्याने आधी फुलसिंगच्या डोळ्यात पाहिलं, मग बैलाच्या. पुन्हा फुलसिंगच्या. बोट अगदी बुबुळाजवळ नेलं. बुबुळ हललं नाही. आता कोणी हसत नव्हतं.

"उजवा?"

"तो बी गेल्यातच हाय. उजेड समजते फकत."

"काका, मंग ह्याचे दात, खूर, खांदा..."

"हातानं पाह्यले. ते समदं बरोबर हाय. डोया हाताले लागत नाही, बाबू." फुलसिंगने पापणी सोडली. "तुह्यापासून लपवलं मी. दोन वर्सं समद्याईपासून लपवलं. आठ दिवस व्हाचे हायेत अजून. ह्याले वापस ने. अन् बाजारात सांगजो, फुलसिंगनं घेतलेला बैल वापस आला म्हणून."

गुलाबसिंगने बैलाच्या पाठीवर हात ठेवला. दारात रुपाबाई पदराने तोंड दाबून उभी होती. लखीराम नाईकाने खाली पडलेला चष्मा उचलला.

"नेतो," गुलाबसिंग म्हणाला. "उद्याच नेतो. अन् परवा टेम्पो घेऊन येतो तुमाले न्याले. डोयाचा दवाखाना परवा उघडा असते ना, रेणू?"

"असते," रेणू म्हणाली.

गुलाबसिंगने दोर सोडला आणि बैल घेऊन तो निघाला. फुलसिंग खुरांचा आवाज दूर जाईपर्यंत ऐकत राहिला. मग त्याने घराकडे वळायला पाऊल उचललं आणि थांबला. गर्दीत दोन-तीनदा वळल्यामुळे दार कोणीकडे आहे हे त्याला कळत नव्हतं. एरवी तो खोकला असता, तंबाखू चोळली असती, कोणीतरी हाक मारेपर्यंत तिथेच काही काम असल्यासारखा उभा राहिला असता.

"रेणू," त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने हाक मारली आणि हात पुढे केला. "घरात ने मले. दरवाजा कुठी हाय ते मले दिसत नाही."

रेणूने त्याचा हात धरला. पोरांनी आपापल्या चपला बाजूला सरकवल्या आणि त्या दोघांना वाट करून दिली.